‘कनेक्टेड’ बसने डिझेल वाचतं का, अपघात टळतात का, की नुसतेच मेसेज येतात?

सुतारपक्षी
चाकण पट्ट्यात कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या 12 डिझेल बस आहेत, सगळ्या 24 व्होल्टच्या. सगळ्यांत एआयएस-140 या मानकाचा, बसची जागा कळवणारा ट्रॅकर आणि आणीबाणीची लाल बटणं आधीपासून आहेत. आता एका विक्रेत्याने प्रत्येक बसला आणखी एक डबा सुचवलाय. कोटेशनमध्ये तीन दावे आहेत: डिझेल 15 टक्के वाचेल, बस ‘व्हीटूएक्स रेडी’ होऊन अपघात टळतील, आणि अपघात झालाच तर मदत आपोआप येईल.

आहे त्या ट्रॅकरकडून यातलं काय होतं, कशाला खरंच नवं यंत्र लागतं आणि काय फक्त ब्रोशरमध्येच होतं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. जाहिरातींच्या लिंका कृपया नकोत.

तिसरा_गिअर
15 टक्के? बस फक्त उताराच्या रस्त्यावर चालवायच्या आहेत का?

इसारकाठ
आधी तो ‘रेडी’ शब्द बाजूला काढू. व्हीटूएक्समध्ये गाडी मोबाइल टॉवरला मध्ये न घेता शेजारच्या गाडीशी किंवा सिग्नलच्या खांबाशी थेट बोलते, साधारण 5.9 गिगाहर्ट्झवर. युरोपातल्या पद्धतीत प्रत्येक गाडी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला 1 ते 10 वेळा जाहीर करत राहते. किती वेळा, तेही ठरलेलं आहे. मागच्या संदेशानंतर गाडी 4 मीटरपेक्षा जास्त सरकली, दिशा 4 अंशांहून जास्त वळली किंवा वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडला, की नवा संदेश जातो. उभी गाडी सेकंदाला एकदाच बोलते. धोक्याचे संदेश याहून वेगळे: पुढे गाडी बंद पडली आहे, रस्त्याचं काम चालू आहे वगैरे.

ताशी 100 ने जाणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. वळणाआड बंद पडलेला ट्रक 300 मीटर आधी कळला तर हातात जवळपास 11 सेकंद येतात. हा फायदा खरा आहे, पण त्यासाठी तो ट्रकसुद्धा बोलका हवा. फोक्सवॅगनने 2019 मध्ये आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये युरोपात हा रेडिओ सरसकट द्यायला सुरुवात केली. तरी समोरची गाडी मुकी असेल तर त्या गोल्फलाही काही ऐकू येत नाही. रस्त्यावरच्या दहातल्या एका गाडीत रेडिओ असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्या बोलक्या असण्याची शक्यता शंभरात एक. तुमच्या 12 बस एकमेकींशीच बोलत बसतील.

तिसरा_गिअर
“काय गं, शिफ्ट सुटली का?” “नाही अजून. तुझं डिझेल किती उरलंय?”

लाल_पिवळा
@इसारकाठ, भाषेचा घोळ राहिला. वाय-फायच्या घराण्यातला रेडिओ आणि मोबाइलच्या घराण्यातला सी-व्हीटूएक्स हे दोन्ही 5.9 मध्येच चालतात, पण एकाचं दुसऱ्याला कळत नाही. अमेरिकेने 1999 मध्ये या कामासाठी 75 मेगाहर्ट्झ राखून ठेवले. 2020 मध्ये त्यातले खालचे 45 साध्या वाय-फायला देऊन टाकले आणि उरलेले 30 सी-व्हीटूएक्सच्या नावावर केले. युरोपात वाय-फाय घराण्याला झुकतं माप देणारा नियम 2019 मध्ये सदस्य देशांनीच हाणून पाडला. जपान तर 760 मेगाहर्ट्झवर; टोयोटाने तिथे 2015 पासूनच अशा गाड्या विकल्या. त्यामुळे आज घेतलेला डबा उद्या रस्त्यावर चालणारी भाषा बोलेलच, याची हमी विक्रेता कशाच्या जोरावर देतो, ते त्यालाच विचारा. ‘रेडी’ म्हणजे आत रेडिओ आहे, की रेडिओसाठी रिकामी खाच आहे, हेही विचारा. बहुतेक खाचच निघेल.

डेपोबाहेर
थोडा विरोध नोंदवतो. सगळं 5.9 वरच व्हायला हवं असं नाही. “दोन किलोमीटर पुढे रांग लागली आहे” हे 4जी वरून सर्व्हरमार्गे दोन सेकंद उशिरा आलं तरी चालतं. दहावा हिस्सा सेकंदाची घाई लागते ती पुढच्या गाडीने कचकन ब्रेक दाबला तर. कर्मचारी बससाठी पहिला प्रकारच जास्त उपयोगाचा, आणि त्याला साधं सिम पुरतं.

इसारकाठ
मान्य. फक्त घाटात टॉवर नसतो तेव्हा सर्व्हरही नसतो, आणि वळणाआडचा ट्रक नेमका तिथेच उभा असतो.

गावठी_अँटेना
आहे त्या ट्रॅकरबद्दल. एआयएस-140 हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनेच प्रसिद्ध केलेलं आहे, आणि 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना ते लागू झालं. त्यात बरंच काही आधीच मागितलेलं आहे, लोक वापरतच नाहीत. गाडी चालू असताना दोन नोंदींमधला 5 सेकंदांपर्यंत खाली आणता येणारा अंतराल, किमान दोन सर्व्हरना एकाच वेळी माहिती, किमान 4 तास चालणारी आतली बॅटरी, आणि नेटवर्क नसताना 40,000 नोंदी साठवायची जागा. 5 सेकंदांनी एक नोंद धरली तर 2 लाख सेकंद होतात, म्हणजे 55 तास. घाटातला अर्धा तास त्यात कुठल्या कुठे विरघळतो. तरीही घाटातला तुकडा नकाशावर गायब असेल, तर साठवलेल्या नोंदी नंतर येतात पण तुमचा सर्व्हर त्या ‘जुन्या’ म्हणून टाकून देतो, असं समजा. तपासायला सोपं आहे: डब्याची मोबाइल नेटवर्कची अँटेना (जीपीएसची नव्हे) दहा मिनिटं काढून ठेवा, परत लावा, आणि मधल्या नोंदी मागच्या वेळेच्या शिक्क्यासह येतात का ते बघा.

जोडणीत नेहमी होणाऱ्या चुका:

इग्निशनची वायर चावीवरून न घेता दिव्याच्या स्विचवरून घेतलेली असते. मग दिवसा ‘गाडी बंद’ आणि रात्री ‘चालू’. अशा नोंदींवरून आयडलिंगचा, म्हणजे उभ्या बसमध्ये चालू राहिलेल्या इंजिनाचा, हिशोब काढायचा म्हणजे कर्म.

जीपीएसची अँटेना डॅशबोर्डच्या पत्र्याखाली असते. तिला वर आकाश दिसायला हवं. वर प्लास्टिक किंवा साधी काच चालते, पत्रा आणि धातूचा मुलामा असलेली काच चालत नाही.

बॉडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सुटी न करणं. इंजिन चालू असताना मात्र उलट: 24 व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर भार ओढत असताना बॅटरीची तार निसटली तर झटका दीडशे व्होल्टच्या वर जाऊ शकतो. आत संरक्षक डायोड नसेल तर डबा तिथेच संपतो.

आणि नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली. मूळ नाविक उपग्रह एल5 वर, म्हणजे 1176.45 मेगाहर्ट्झवर बोलतात. जीपीएस एल1 वर, 1575.42. नाविकमध्ये एल1 आला तो 2023 च्या एनव्हीएस-01 पासून. आतली चिप दोन्ही समजणारी असली तरी बाहेर फक्त एल1 ची स्वस्त अँटेना लावली, तर ‘नाविक सपोर्ट’ हे शब्द बिलावरच राहतात.

चिंचगूळ
फास्टॅग पण कनेक्टेडच ना मग? :)

गावठी_अँटेना
फास्टॅगला बॅटरीच नसते. टोलच्या रीडरने 865 ते 867 मेगाहर्ट्झवर ऊर्जा दिली की तेवढ्यापुरता तो आपला क्रमांक परत पाठवतो. हाक मारल्याशिवाय बोलत नाही. मात्र टोलवरच्या रांगेत जळणारं डिझेल त्याने खरंच वाचतं, आणि एवढंही न करणाऱ्या ‘कनेक्टेड’ वस्तू बाजारात पुष्कळ आहेत.

लाल_पिवळा
डिझेलवर येऊ. बस थांबवणं किती महाग पडतं, ते एकदा मांडून बघा. 16 टनांची भरलेली बस ताशी 40 वर, म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. अर्धा गुणिले 16,000 गुणिले 11.1 चा वर्ग: सुमारे 9.9 लाख ज्यूल. ब्रेक दाबला की हे सगळं ड्रममध्ये तापून जातं. परत तोच वेग घ्यायला, इंजिन आणि गिअर मिळून 35 टक्के कार्यक्षमता धरली तर 28 लाख ज्यूल डिझेलमधून काढावे लागतात. डिझेल लिटरला साधारण 3.6 कोटी ज्यूल. म्हणजे एका थांब्याला जवळपास 80 मिली.

एका लाल सिग्नलला एक कटिंग.

म्हणून ‘हिरवा कधी होणार’ हे गाडीला आधी सांगायची कल्पना चांगली आहे. ऑडीने 2016 मध्ये लास वेगासपासून सुरुवात केली, नंतर इंगोलश्टाटमध्ये आणलं. सिग्नलचं वेळापत्रक सर्व्हरवरून 4जी ने गाडीत येतं आणि डॅशबोर्डवर उरलेले सेकंद किंवा सुचवलेला वेग दिसतो.

यात दोन ठिकाणी माशी शिंकते. सिग्नल ठरलेल्या वेळेचा असेल तर सोपं, पण रहदारी बघून स्वतः वेळ बदलणारा असेल तर पुढचे 20 सेकंद त्याचे त्यालाच पक्के माहीत नसतात. मग अंदाज द्यावा लागतो, आणि दोनदा चुकला की ड्रायव्हर तिसऱ्यांदा बघत नाही. दुसरं म्हणजे रांग. सुटणाऱ्या रांगेत प्रत्येक गाडीला साधारण 2 सेकंद लागतात. पुढे 10 गाड्या असतील तर हिरवा लागल्यावरही 20 सेकंद तुमच्यासाठी लालच. वेगाचा सल्ला रांगेच्या शेपटीसाठी द्यायला हवा, खांबासाठी नव्हे. आपल्याकडे त्या शेपटीत दुचाकी कुठून कुठे शिरतात ते सांगायला नको.

तिसरा_गिअर
सेनापती बापट रस्त्यावर संध्याकाळी सहाला अख्खी टपरी पिऊन होईल.

साठ_ओहम
लाल_पिवळा यांचं गणित बरोबर, पण सुतारपक्षींच्या हातात सिग्नल नाहीत. आयडलिंग आहे. एवढ्या बसचं इंजिन एसीविना उभ्याने तासाला दीड ते दोन लिटर पितं. दीड धरू. रोज 40 मिनिटं म्हणजे 1 लिटर. 12 बस, महिन्याचे 26 दिवस: 312 लिटर. लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला 830 किलोच्या वर. हे आहे त्या ट्रॅकरवर दिसतं, फक्त वर म्हटल्याप्रमाणे इग्निशनची वायर बरोबर हवी.

इंधन नेमकं किती जळतंय ते बघायचं असेल तर मात्र डब्याला ‘कॅन बस’ वाचता यायला हवी, म्हणजे गाडीतले संगणक ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती जोडणी. जड वाहनांत जे1939 नावाची बोली चालते. इंजिनाचे फेरे 61444 या गटात आणि इंधनाचा दर 65266 या गटात इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, स्वतःच पाठवत असतो. 65266 चे पहिले दोन बाइट बघा. समजा तिथे हेक्साडेसिमलमध्ये 24 00 दिसलं. लहान बाइट आधी येतो, म्हणून उलटं वाचायचं: 0024, म्हणजे दशमानात 36. एका अंकाची किंमत तासाला 0.05 लिटर. 36 गुणिले 0.05 म्हणजे तासाला 1.8 लिटर. बस उभी असून हे दिसतंय म्हणजे निव्वळ धूर.

जोडण्याआधी मल्टिमीटर काढा. बॅटरीचा कट-ऑफ बंद करून कॅन हाय आणि लो यांच्यामध्ये रोध मोजा. 60 ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना 120-120 चे दोन रोधक समांतर असतात. 120 आले तर एक टोक तुटलंय. नवा डबा लावल्यावर 40 झाले तर डब्याने स्वतःचा तिसरा रोधक घुसवलाय, तो बंद करायला सांगा. नाहीतर डॅशबोर्डवर अधूनमधून भलतेच दिवे लागतील आणि शिव्या इंजिनवाल्याला बसतील. मूळ तारेपासून डब्यापर्यंतचा फाटा 1 मीटरच्या आत ठेवा. वॉरंटीतल्या बसची तार सोलू देऊ नका; वरून चिमट्यासारखा बसणारा, तार न कापता वाचणारा क्लिप-रीडर मिळतो.

चिंचगूळ
तुमचं टोपणनाव आत्ता कळलं.

डेपोबाहेर
आयडलिंगचा इशारा लावताना एक मिनिटाची मर्यादा ठेवू नका. सकाळी एअर ब्रेकच्या टाक्यांत दाब भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावंच लागतं. घाट चढून आल्यावर टर्बो निवायला दोनेक मिनिटं लागतात. बीएस-6 बसमध्ये साचलेली काजळी जाळायचं चक्र चालू असेल तर ते मध्येच तोडणं फिल्टरला महाग पडतं. मर्यादा 5 मिनिटं, दिवसाचं पहिलं स्टार्ट वगळून, आणि काजळी जळत असतानाचा वेळही वगळून. नाहीतर ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात डब्याची वायर ‘सैल’ करतात.

ओव्हरटेक_नको
ड्रायव्हरला गुण देण्याच्या पद्धतीवर कुणीच बोललं नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली विकलं जातं ते मुख्यतः तेच. जोरात ब्रेक मारला की गुण वजा. माझा याला सरळ विरोध आहे. समोर कुत्रं आलं तर ब्रेक मारायचा की गुण वाचवायचे?

साठ_ओहम
विरोध अर्धा पटतो. एकेका ब्रेकला दंड नको, पण 100 किलोमीटरमागे किती वेळा, ते बघावं. एकाच मार्गावर पाच ड्रायव्हरांचे 4 आणि सहाव्याचे 19 असतील तर कुत्रं कारण नाही, अंतर न ठेवणं कारण आहे. तोच सहावा डिझेलही जास्त जाळत असतो; वर 80 मिलीचं गणित आहेच.

मात्र आधी डबा सरळ बसलाय का बघा. ब्रेक ओळखणारा सेन्सर गुरुत्वाकर्षणही मोजतो. डबा पुढे-मागे 20 अंश कललेला असेल आणि बसवल्यानंतर त्याचं कॅलिब्रेशन केलं नसेल, तर उभ्या बसमध्येच 0.34 जी दिसतात. जोरदार ब्रेकची मर्यादा बहुधा 0.3 ते 0.4 जी च्या आसपास ठेवतात. म्हणजे बस डेपोत उभी आणि ड्रायव्हर बेदरकार.

ओव्हरटेक_नको
हे मात्र भारी. मग निदान एवढं करा, की गुणांचा तक्ता ड्रायव्हरांना दाखवून, समजावून, मगच लावा. पगाराशी जोडू नका. जोडला की आकडे सुधारतात, चालवणं नाही.

इसारकाठ
तिसऱ्या दाव्याबद्दल. युरोपातलं ई-कॉल आणि आपलं लाल बटण यांची गल्लत होते. ई-कॉल 31 मार्च 2018 पासून तिथल्या नव्या प्रकारच्या मोटारी आणि लहान व्हॅनना सक्तीचं झालं. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः 112 लावते, त्याच कॉलवर 140 बाइटांची पुडी पाठवते (जागा, वेळ, दिशा, गाडीचा चासी क्रमांक, इंधनाचा प्रकार) आणि मग माणसाशी बोलणं सुरू होतं. ही पुडी आवाजाच्या वाहिनीतून सुरांच्या रूपात जाते, 2जी-3जी वरून. ती नेटवर्क बंद होत चालली, म्हणून आता 4जी वरचा नवा ई-कॉल आणावा लागतोय. गाडी पंधरा वर्षं टिकते, नेटवर्क टिकत नाही. तुमच्या डब्यातही फक्त 2जी मोडेम नाही ना, हे बघून घ्या.

एआयएस-140 चं बटण माणसाने दाबायचं असतं आणि ते नियंत्रण कक्षाला कळवतं. ‘आपोआप मदत’ म्हणजे नक्की कोणाच्या पडद्यावर काय वाजतं, आणि तिथे रात्री दोनला माणूस असतो का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

गावठी_अँटेना
त्यातच भर. मानकात हे बटण ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचं सांगितलंय. एरवी सर्किट जोडलेलं, दाबलं की तुटतं. म्हणजे वायर कापली तरी इशारा जातो, हा हेतू. पण सीटच्या खिळ्याने वायर घासून खोटे इशारे यायला लागले, की कुणीतरी डब्यापाशी दोन टोकं जोडून जंपर मारतो. इशारे बंद, सगळे खूश, आणि बटण मेलेलं. डब्याच्या तपासणी-संदेशात हे दिसत नाही, कारण सर्किट तर जोडलेलंच आहे. एकच उपाय: महिन्यातून एकदा, कक्षाला आधी कळवून, प्रत्येक बसचं प्रत्येक बटण दाबून बघायचं आणि इशारा किती सेकंदांत पोचला ते लिहायचं.

तिसरा_गिअर
हॅकिंगवर कुणी घाबरवणार नाही का? अशा धाग्यावर एक तरी प्रतिसाद तसा हवा.

साठ_ओहम
घ्या. 2015 मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकीमध्ये तिच्या मोबाइल जोडणीतून दुरून शिरून चालत्या गाडीत ढवळाढवळ करून दाखवली. 14 लाख गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तुमच्यापुरता अर्थ एवढाच, की डबा कॅनवर फक्त ऐकणारा हवा, लिहिणारा नको. वर सांगितलेल्या क्लिप-रीडरमध्ये हे बहुधा आपोआप साधतं. ‘दुरून इंजिन बंद करता येतं’ हे वैशिष्ट्य म्हणून सांगत असतील तर तेच नाकारायचं कारण.

सुतारपक्षी
सगळ्यांचे आभार. मला कळलं ते असं: व्हीटूएक्स आत्ता नको. आपोआप मदतीचं लेखी घ्यायचं. बटणं आणि इग्निशनच्या वायरी या आठवड्यात तपासायच्या. डिझेलसाठी आधी आहे त्या ट्रॅकरवर आयडलिंग बघायचं, आणि दोन बसवर क्लिप-रीडर लावून बघायचा. 15 टक्क्यांचा दावा तपासायचा कसा?

डेपोबाहेर
चार आठवडे काहीही न बदलता मोजा, ड्रायव्हरांना न सांगता. मग बदल करा आणि पुढचे चार आठवडे मोजा. दोन बस तशाच सोडा, काहीही न करता, म्हणजे पाऊस किंवा मार्गावर पडलेले नवे खड्डे यांचा परिणाम वेगळा काढता येईल. टायरची हवा दर सोमवारी सारखी करा, नाहीतर श्रेय डबा घेऊन जाईल. मे मधले आकडे जुलैशी लावू नका, एसीचा भार वेगळा. विक्रेत्याला सांगा, पैसे या मोजणीवर. तो लगेच 15 वरून 5 वर येतो का बघा.

सुतारपक्षी
टाकी भरताना पंपाचा पहिला कट धरायचा की गळ्यापर्यंत भरायची?

साठ_ओहम
पहिला कट, पण तोच पंप, तोच नोझल आणि बस त्याच बाजूला उभी. डिझेलला फेस येतो, वेगाने सोडलं तर कट लवकर पडतो आणि दोन-तीन लिटरचा फरक एका भरण्यात येतो. नोझल मधल्या खाचेवर ठेवायला सांगा. टाकीच्या फ्लोटवर तर अजिबात विसंबू नका, उतारावर उभ्या बसमध्ये तो दहा लिटर चोरी झाल्याचं सांगतो.

गावठी_अँटेना
आणि पंपवाल्याला पावतीवर किलोमीटर लिहायला लावा, ड्रायव्हरला नको. ट्रॅकरचं अंतर आणि ओडोमीटरचं अंतर यांत 2-3 टक्के फरक असतोच, टायर झिजले की वाढतो. दोन्हीपैकी एकच शेवटपर्यंत वापरा.